सेवेचा जमाखर्च

एकनाथ महाराजांविषयीची एक आख्यायिका आमच्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असते. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या घरी नाथ गुरुसेवा करीत राहिले होते, आणि जमाखर्चाच्या वह्या लिहिण्याचे कामही त्या सेवेतच होते. एके रात्री हिशेबात एका पैची चूक राहिली. ती शोधता शोधता रात्र सरली, आणि चूक सापडताच नाथांनी आनंदाने टाळी वाजविली. ती ऐकून जागे झालेले स्वामी म्हणाले की, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद होतो, तर संसाराच्या मोठ्या हिशेबातली चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! कीर्तनकार ही गोष्ट एकाग्रतेचे उदाहरण म्हणून सांगतात, व ते योग्यच आहे. परंतु ज्यांचे सारे आयुष्य महाविद्यालयाच्या आवारात गेले, अशा आमच्यासारख्या शिक्षकांना तीत आणखी एक प्रश्न दडलेला दिसतो. सेवा करणाऱ्याने हिशेबाची वही कोठवर लिहावी, आणि कोठे मिटावी?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो नाथांच्या कथेवरून नव्हे, तर विद्यार्थ्यांमध्ये चालणाऱ्या ख्रिस्ती सेवाकार्यावरून. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. आमचे घर परंपरेने वारकरी. तरीही महाराष्ट्रात ज्याने इंग्रजी विद्या घेतली, तो या प्रश्नापासून अलिप्त राहू शकत नाही, अशी आमची समजूत आहे. आपल्या प्रांतातील नव्या शिक्षणाचा बराचसा पाया मिशनऱ्यांनी घातला, आणि त्या पायाखाली त्यांनी काय पुरले होते याविषयी आपला समाज पावणेदोनशे वर्षे वाद करीत आला आहे.

प्रथम निमित्त सांगतो. आम्ही बजाजनगरात राहतो. छत्रपती संभाजीनगराच्या पश्चिमेस वाळूजच्या माळावर १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग लहानमोठे असंख्य कारखाने आले, आणि त्यांच्या कुशीत जी वस्ती वाढली तीत हे बजाजनगर. बीड, जालना, परभणी, बुलढाणा अशा ठिकाणांहून पोटासाठी आलेल्यांचे हे गाव आहे. येथली घड्याळे पाळीच्या भोंग्यावर चालतात. आमच्या वर्गातील कित्येक मुले रात्रपाळी करून सकाळी तासाला बसतात, आणि त्यांच्या पेंगण्यावर रागवावे की त्यांच्या चिकाटीला नमस्कार करावा, हे आम्हांला अजूनही ठरविता आलेले नाही.

अशाच एका मुलाचा हात दोन वर्षांपूर्वी एका लहानशा कारखान्यातील पॉवर प्रेसमध्ये सापडला, आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. वडील कंत्राटी कामगार, आई धुणीभांडी करणारी; गाव शंभर मैलांवर. आम्ही रुग्णालयात भेटीस गेलो तेव्हा त्याच्या खाटेशी एक वृद्ध बाई बसल्या होत्या, आणि पोळीचा घास मोडून त्याच्या डाव्या हातात देत होत्या. चौकशी करता कळले की, त्या सेवानिवृत्त परिचारिका आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि आमच्याच वस्तीत त्यांच्या घरी रविवारी सायंकाळी महाविद्यालयांतील दहापंधरा मुलेमुली प्रार्थनेस व बायबलवाचनास जमतात. हा मुलगा त्यांपैकी नव्हता. त्यांच्या प्रार्थनेला येणाऱ्या एका मुलाने वर्गमित्राचा अपघात सांगितला, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. पुढे त्याला घरी सोडल्यावरही दर बुधवारी त्यांचा डबा त्याच्या खोलीवर जात राहिला.

ही गोष्ट आम्ही शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, “अहो, गळाला लावलेले आमिष आहे ते. मासा केव्हा लागतो तेवढे पाहा.” आणि थोड्या दिवसांनी तो मुलगा भेटला तेव्हा त्याने हाच प्रश्न निराळ्या तोंडाने विचारला : “सर, यात आजींचा काय फायदा असेल हो?” सहकाऱ्यांच्या बोलण्यात संशय होता, मुलाच्या बोलण्यात नवल होते. परंतु दोघांचेही गृहीत एकच होते : कोणी काही देतो, तो कोठेतरी त्याची जमा धरीत असला पाहिजे. हे गृहीत त्यांनी आकाशातून आणलेले नाही; त्याला इतिहास आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही.

डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि १८३२ साली त्यांनी जी शाळा काढली तिच्यातूनच कालांतराने विल्सन कॉलेज उभे राहिले. विल्सन मोठे विद्वान होते. मराठी व संस्कृत ते शिकले, पारशी धर्मग्रंथांचा त्यांनी अभ्यास केला, आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांच्याकडे आले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या, आणि आल्यापासून सहासात वर्षांतच, १८३५ साली, त्यांनी येथेच देह ठेवला. या दांपत्याच्या कष्टांविषयी शंका घेण्यास जागा नाही. तथापि आपला हेतू त्यांनी कधी लपविला नव्हता, हेही तितकेच खरे. विद्या द्यावी, विद्येने जुन्या समजुती ढिल्या व्हाव्यात, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागी ख्रिस्ताची ओळख व्हावी, हा त्यांच्या शाळेचा क्रम होता.

त्याचा परिणाम लवकरच दिसला. १८३९ साली दोन पारशी तरुणांनी या शाळेच्या प्रभावाने बाप्तिस्मा घेतला. मुंबईत एकच हलकल्लोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि आईबापांनी भराभर आपली मुले शाळेतून काढून घेतली. चार वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्री हा बुद्धिमान ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय अवघे बारा वर्षांचे, तोही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. न्यायालयाने श्रीपतास पित्याच्या स्वाधीन केले; पण तेवढ्याने प्रश्न सुटला नाही. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या मुलाला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्रह्मवृंदात रण माजले. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या पक्षाचे होते, आणि त्यासाठी त्यांनी स्वजनांचा रोष पत्करला.

या प्रकरणात आज कोणाची बाजू घ्यावी? आम्हांला त्या पित्याचे दुःख खोटे वाटत नाही. मुलगा इंग्रजी शिकून चार पैसे मिळवील, म्हातारपणी आधार होईल, या आशेने त्याला शाळेत घातला. आणि तो आपल्याच पंक्तीला बसण्यास अपात्र होऊन परत आला. अशा घराला ‘विद्यादान’ हा शब्द कसा ऐकू गेला असेल, याची कल्पना करावी. परंतु वीस-बावीस वर्षांच्या नारायणाला स्वतःचे मन नव्हते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. मुलगा म्हणजे बापाच्या नावावरची जमीन नव्हे. विचारांती स्वीकारलेल्या धर्माबद्दल त्याला फसविलेला म्हणणे, हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. बारा वर्षांचा श्रीपत आणि मोठा नारायण यांत जो फरक न्यायालयाने केला, तोच आम्हांला आजही या प्रश्नातला महत्त्वाचा फरक वाटतो : ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याच्यापुढे श्रद्धा मांडणे वेगळे, आणि ज्याला ते म्हणता येत नाही त्याच्यापुढे मांडणे वेगळे.

नारायण शेषाद्रींचे पुढचे आयुष्य मुंबईच्या वाचकांपेक्षा आम्हां मराठवाड्यातल्या लोकांना अधिक जवळचे आहे. पाद्री होऊन ते जालन्यास आले, म्हणजे आमच्या शहराच्या पूर्वेस अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरांवर. सर सालारजंग निजामाच्या राज्याचा कारभार पाहत असता त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली, आणि तीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. त्या गावात राहावयास आले ते मुख्यतः महार-मांग समाजांतून ख्रिस्ती झालेले लोक. १८७३ साली न्यू यॉर्कच्या एका मोठ्या ख्रिस्ती परिषदेत भाषण करणारा हा पुरुष आपल्या कार्यासाठी राहिला तो जालन्याच्या माळावर, आणि ज्यांची सावलीही त्याच्या पूर्वजांनी टाळली असती अशांच्या शेजारी.

आता याचा जमाखर्च कोणी कसा मांडावा? पित्याच्या वहीत मुलगा खर्ची पडला. मिशनच्या वहीत एक आत्मा जमा झाला. गावकुसाबाहेर ज्या पोरांना पहिल्यांदा पाटी मिळाली, त्यांच्या घरी वहीच नव्हती. पण असती तर तीत काय लिहिले गेले असते? तीन वह्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते जुळविण्याचा यत्न करणारा प्रत्येक इतिहासकार कोणत्या ना कोणत्या एका वहीची बेरीज दुसरीवर लादतो.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, मिशनच्या शाळा-कॉलेजांचे जे मोठे फळ महाराष्ट्राला मिळाले, ते मिशनच्या वहीत लिहिलेच गेले नाही. जोतीराव फुले १८४१ ते १८४७ या काळात पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८४८ साली अहमदनगरास जाऊन त्यांनी मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला, आणि धर्माविषयी आपला निराळाच मार्ग आखला. मिस फॅरार अमेरिकेतून १८२७ साली अविवाहित स्थितीत या देशात आल्या, आणि १८६२ साली अहमदनगरासच निवर्तल्या. पस्तीस वर्षांच्या कष्टांनंतर आपल्या खात्यावर काय आहे असे त्यांनी कधी पाहिले असेल, तर ज्या गृहस्थाने येऊन शाळा पाहिली व नमस्कार करून निघून गेला, त्याचे नाव त्यांना तेथे आढळले नसते. आज मात्र त्यांचे नाव मराठी वाचकाला माहीत आहे ते बहुधा त्या पाहुण्यामुळे.

दुसरे उदाहरण याहूनही मौजेचे. धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहून १९६३ साली ‘भारतरत्न’ झालेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्या ग्रंथाचे प्रकाशन चालले. जे कॉलेज हिंदूंच्या जुन्या समजुती ढिल्या करण्यासाठी निघाले, त्याने हिंदूंच्या धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा इतिहासकार घडविण्यास हातभार लावला! संस्थापकांच्या दृष्टीने याला अपयश म्हणावे लागेल. आम्ही याला विद्येचा प्रामाणिकपणा म्हणतो. जो शिक्षक ज्ञान खरेपणाने देतो, त्याच्या हातून विद्यार्थी सुटून जाण्याचा संभव नेहमीच असतो; आणि तो सुटू नये म्हणून ज्ञान हातचे राखून देणारा शिक्षकही नव्हे व श्रद्धावंतही नव्हे.

खुद्द ख्रिस्ती मंडळींना हा पेच कळला नव्हता असे नाही. १९३१ साली ऑक्सफर्डचे लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने हिंदुस्थानातील ख्रिस्ती कॉलेजांविषयी जो अहवाल दिला, त्यामागचा प्रश्न हाच होता : बहुसंख्य विद्यार्थी व पुष्कळसे अध्यापक ख्रिस्ती नसताना या कॉलेजांना ख्रिस्ती कशामुळे म्हणावयाचे? विद्यार्थ्यांच्या बाजूनेही हालचाल झाली. १८९५ साली जगातील ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा एक महासंघ स्वीडनमध्ये स्थापन झाला, आणि १९१२ साली बंगालमधील सेरामपूर येथे हिंदुस्थानातील ख्रिस्ती विद्यार्थिचळवळ सुरू झाली. कॉलेजांच्या वसतिगृहांतून, रविवारच्या सायंकाळी, कोणाच्या तरी खोलीत चार मुलांनी एकत्र बसावे, वाचावे, प्रार्थना करावी, आणि शेजारच्या वस्तीत काही काम करावे, असा तिचा साधा प्रकार. बजाजनगरातील आजींच्या घरचे मंडळ या संघटनेचे नसेलही. पण बसण्याउठण्याची ही रीत तेव्हापासूनची आहे.

आमच्या मते या पेचाचे सर्वांत धीट उत्तर एका मराठी कवीने दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. स्वभाषेत, स्वदेशी सुरांत ख्रिस्ताची भक्ती कशी गावी, हे त्यांनी दाखविले, ते सर्वश्रुत आहे. त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे ते असे की, १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसमाज आरंभिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. ज्या वहीत बाप्तिस्म्यांची संख्या लिहिली जाते तीही मिटली, आणि ज्या वहीत दरमहाचे वेतन लिहिले जाते तीही मिटली. हा प्रयोग पूर्णतेस नेण्यास त्यांना आयुष्य मिळाले नाही. १९१९ साली ते गेले. परंतु प्रयोगाची दिशा अचूक होती, असे आम्हांला वाटते.

आणखी एक उदाहरण बजाजनगरासमोरच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले की लागते. हाच रस्ता अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास जातो. तेथे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली, परकी सत्ता जाण्याच्या वर्षी, अहमदनगर कॉलेज सुरू केले. इंग्रजांच्या मागोमाग ख्रिस्ती संस्थाही आवरत्या घेतल्या जातील असा पुष्कळांचा तर्क होता, त्या वेळी एका मराठी ख्रिस्ती गृहस्थाने दुष्काळी जिल्ह्यातल्या मुलांसाठी नवे कॉलेज उघडावे, यातच त्यांची श्रद्धा दिसते. पुढे ग्रामीण विकासाच्या अभ्यासाचे केंद्रही त्या संस्थेने उभे केले. तेथे शिकून गेलेल्यांत बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत, आणि त्याबद्दल संस्थेने खंत केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग श्रद्धा सोडून नुसती सेवाच का ठेवू नये? धर्माचे नाव काढले नाही, तर संशयही उरणार नाही. हा आक्षेप दिसतो तितका सोपा नाही. सेवेचा पहिला महिना उत्साहावर निघतो. दुसरे वर्ष कशावर निघावयाचे? डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास आमच्या वाचकांना परिचित आहे. तिचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे सेवेची शपथ घेत, आणि ही कल्पना मनात घोळत असता त्यांच्यापुढे जेझुइट पाद्र्यांच्या निःस्पृहतेचे उदाहरण होते. आगरकर तर देव न मानणारे. परंतु ज्यावर सर्वस्व लावावे असे काहीतरी त्यांनाही होतेच. आम्ही श्रद्धा हा शब्द या व्यापक अर्थाने घेतो. तिच्यावाचून सेवा काही काळ चालते, पण टिकत नाही. जमेचा रकाना रिकामा दिसू लागला की हात आखडतो.

आमच्या शहरातच याचे फार मोठे प्रमाण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले, आणि पुढे त्यास मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. भिक्षू नागसेनाशी त्याने वाद केला, आणि समाधान झाले तेव्हा ते कबूल केले. ज्या महापुरुषाने १९५६ साली लाखोंसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्याने आपल्या महाविद्यालयाला नाव दिले ते उपदेशकाचे नव्हे, तर शंका काढणाऱ्याचे. श्रद्धेला विद्यामंदिरात कोणती जागा असावी, हे यापेक्षा चांगल्या रीतीने सांगता येईल असे आम्हांला वाटत नाही. तिने आत यावे, आपले नाव सांगावे, आणि प्रश्नांना उत्तरे द्यावीत.

आता आजच्या काळाकडे वळू. मिशनऱ्यांनी सेवेच्या वहीत बाप्तिस्मे मोजले म्हणून आपण त्यांना नावे ठेवली. परंतु आपण काय मोजतो? १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्यामागे उदात्त हेतू होता, आणि अनेक मुलांना तिने खेड्याचे पहिले दर्शन घडविले, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. पण अलीकडे सेवेचे तास भरावे लागतात, प्रमाणपत्रे द्यावी लागतात, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजकार्याला श्रेयांकही मिळू लागले. झाड लावणाऱ्यापेक्षा झाड लावतानाचे छायाचित्र महत्त्वाचे झाले आहे. अहवालाला छायाचित्र लागते, झाडाला पाणी लागते. आणि अहवाल मार्चमध्ये जातो, पाणी मेमध्ये लागते. हा दोष एकट्या मुलांचा नाही. ज्या वयात माणूस हिशेब न ठेवता देऊ शकतो, त्या वयाच्या हातात आपण वही दिली, आणि मग आजींच्या डब्याकडे पाहून तो मुलगा विचारतो की यात त्यांचा फायदा काय, तर त्यात नवल कसले?

हा प्रश्न आम्ही एकदा त्या बाईंनाच विचारला. अशा प्रश्नाने माणसाला राग येण्याचा संभव असतो. त्यांना आला नाही. त्या म्हणाल्या, “सर, मी ख्रिस्ती आहे हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. त्याच्यासाठी प्रार्थना करते हेही सांगितले. माझ्या प्रभूविषयी त्याने विचारले, तर मी तासभर बोलेन. मला ते आवडेल, खोटे कशाला बोलू? नाही विचारले, तरी बुधवारचा डबा जाणारच. बुधवार त्याने ठरविलेला नाही, मी ठरविलेला आहे.”

त्या मुलाने विचारले की नाही, ते आम्हांला ठाऊक नाही, आणि ते त्याचे त्याच्याकडे असावे. आम्ही पाहिले ते एवढेच : फाल्गुनात नाथषष्ठीला तो आपल्या आईबरोबर पैठणला पायी जातो, आणि बुधवारी सायंकाळी आजींच्या घरून डबा घेऊन दुसऱ्या कोणा आजारी मुलाच्या खोलीवर जातो. डाव्या हाताने लिहिण्याचा सराव करून तो परीक्षेस बसला. डब्यासाठी त्याला श्रेयांक मिळत नाहीत, कारण या कामाची नोंद कोणत्याच फायलीत नाही.

या सर्वांवरून आमच्यापुरती आम्ही एक कसोटी ठरविली आहे, आणि ती ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, मुसलमान अशा प्रत्येक श्रद्धावंताला, तशीच श्रद्धा न मानणाऱ्यालाही लागू करावी असे आम्ही सुचवितो. पहिली गोष्ट, सेवा करणाऱ्याने आपली श्रद्धा लपवू नये. लपविलेला धर्म हाच संशयाचा बाप आहे. दुसरी, सेवा घेणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असावी. आपल्या राज्यघटनेने हे दोन्ही ओळखले आहे. तिच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचेही स्वातंत्र्य दिले. आणि अठ्ठाविसाव्याने सरकारमान्य वा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविण्यास मनाई केली. १८४३ सालच्या त्या दोन भावांचा न्याय जणू शंभर वर्षांनी कायद्याच्या भाषेत उतरला. परंतु तिसरी गोष्ट कोणत्याही कायद्याला सांगता येण्यासारखी नाही, आणि खरी परीक्षा तीच आहे : ‘नाही’ ऐकल्यावरही सेवा चालू राहते का? बुधवार येतो का?

नाथांविषयीची दुसरी एक आख्यायिका पहिलीहून अधिक प्रसिद्ध आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते रामेश्वराकडे निघाले होते. वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे एक गाढव दिसले, आणि देवासाठी एवढ्या दूरवरून आणलेले पाणी त्यांनी त्याच्या तोंडात ओतले. बरोबरच्यांना ते पुण्य फुकट गेलेसे वाटले. नाथ म्हणाले की, आपला रामेश्वर आपल्याला येथेच भेटला. या गोष्टीचा विचार करताना आमच्या मनात दोन गोष्टी येतात. नाथांची श्रद्धा नसती, तर काशीहून कावडच निघाली नसती, आणि त्या वाळवंटात त्या घटकेला पाणी घेऊन कोणीच आले नसते. आणि पाणी पिऊन झाल्यावर ते गाढव उठून आपल्या वाटेने गेले असेल. ते कोणीकडे गेले, हे पाहण्यास नाथ थांबले होते असे कोणताही कीर्तनकार सांगत नाही.